ग्रंथदान : देश, काल आणि पात्र



बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. कन्नड भाषेत 'काडु' म्हणजे रान. रानातला हा देव आज भर शहरात आहे, कारण 1898 च्या प्लेगनंतर त्याच्या सभोवती वस्ती वसवली गेली आणि त्या वस्तीने देवाचेच नाव घेतले. मंदिरासमोर नंदितीर्थ आहे. पायऱ्या उतरून खाली गेल्यावर नंदीच्या मुखातून पाण्याची बारीक धार शिवलिंगावर पडताना दिसते. लिंगाला स्नान घालून ते पाणी पुढच्या कुंडात जाते. हे तीर्थ कित्येक वर्षे मातीखाली गाडलेले होते. 1997 मध्ये खोदकाम झाले आणि ते पुन्हा दर्शनासाठी खुले झाले.

तीर्थ मातीखाली होते तेव्हा त्याचा महिमा कमी झाला नव्हता. फक्त कोणाची ओंजळ तिथपर्यंत पोहोचत नव्हती.

आपल्या घरातील पुस्तकांच्या कपाटाकडे या दृष्टीने कधी पाहिले आहे का? काचेआड ग्रंथ नीट लावलेले असतात. दसऱ्याला त्यांवर हळद-कुंकू वाहिले जाते, दिवाळीच्या आधी धूळ झटकली जाते. पण वर्षानुवर्षे त्यांचे पान कोणी उलटत नाही. ज्ञान तिथे आहे, पण ते वाहत नाही. आजचे आपले चिंतन याच विषयावर आहे. ग्रंथाचे दान कसे करावे, आणि ग्रंथाबरोबर वाचनाची गोडी कशी द्यावी?

एका कपाटाची गोष्ट

मल्लेश्वरममधील एका मराठी घरातील आजोबा वारले. पन्नास वर्षांपूर्वी ते नोकरीनिमित्त इकडे आले होते. त्यांच्या मागे दोन कपाटे भरून पुस्तके राहिली. ज्ञानेश्वरी, दासबोध, तुकोबांचा गाथा, एकनाथी भागवत, संतचरित्रे, प्रवासवर्णने, कादंबऱ्या. मुलगा परदेशी, घरात सून आणि शाळेत जाणारा नातू. नातू कन्नड आणि इंग्रजी वाचतो, मराठी बोलतो, पण मराठी सलग वाचायची त्याला सवय नाही.

घर रिकामे करून लहान घरात जायचे ठरले, तेव्हा सूनबाईंनी आम्हा सत्संगातल्या काही जणांना बोलावले. "तुम्ही न्या आणि कुठेतरी देऊन टाका. रद्दीवाल्याला द्यायला हात धजत नाही," त्या म्हणाल्या.

आम्ही एका ग्रंथालयात विचारले. त्यांनी जागा नसल्याचे सांगितले. मग आम्ही पुस्तके वेगळी करू लागलो, आणि त्या वेळी आमच्या हातून जे घडले ते तुमच्यापुढे प्रामाणिकपणे ठेवतो. पाने सुटलेली, कसर लागलेली, जुन्या परीक्षांची मार्गदर्शके आम्ही 'दानासाठी' म्हणून एका खोक्यात भरली. सुंदर बांधणीचे, पक्क्या पुठ्ठ्याचे ग्रंथ मात्र नकळत बाजूला निघाले. "हे आपल्या केंद्रात ठेवू," कोणीतरी म्हणाले. केंद्रातही ते काचेआडच राहणार होते!

नातू दाराशी उभा राहून हे पाहत होता. त्याने सहज विचारले, "काका, जी पुस्तके कोणीच वाचू शकत नाही तीच तुम्ही देताय का?"

आमचे हात थांबले.

नचिकेताचा प्रश्न

कठोपनिषदाचा आरंभ अशाच एका दानाने होतो. वाजश्रवसाने यज्ञ मांडला आणि त्यात सर्वस्व द्यायचे ठरवले. पण प्रत्यक्षात ज्या गाई दिल्या जात होत्या त्या थकलेल्या होत्या. त्यांचे खाणेपिणे संपत आले होते, त्या दूध देणार नव्हत्या, त्यांना वासरू होणार नव्हते. लहानग्या नचिकेताने ते पाहिले आणि त्याच्या अंतःकरणात श्रद्धा जागी झाली. अशा दानाने वडिलांना कोणती गती मिळेल, याची त्याला चिंता वाटली. त्याने विचारले, बाबा, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा विचारले.

या प्रश्नाचा अर्थ ध्यानात घेऊया. पुत्र हे वडिलांचे सर्वांत प्रिय धन. जे सर्वांत प्रिय आहे त्याचे काय करणार, हे तो विचारत होता. नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे म्हणजे आपले घर झाडणे. त्याला दानाचे नाव दिले की घरही स्वच्छ होते आणि पुण्यही मिळाल्यासारखे वाटते. म्हणूनच हा मोह सूक्ष्म आहे. दात्याला तो मोह वाटतच नाही.

दानाचे तीन प्रकार

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे या भावनेने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक. मोबदल्यासाठी, फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेले दान राजस. स्थळ-काळ न पाहता, अपात्री, अनादराने दिलेले दान तामस.

हे ग्रंथदानाला लावून पाहूया. फाटकी पुस्तके खोक्यात कोंबून एखाद्या संस्थेच्या दाराशी ठेवणे, हे अनादराचे दान. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात स्वतःचे नाव घालून, छायाचित्र काढून ते सर्वांना पाठवणे, हे फळावर डोळा ठेवून केलेले दान. आणि महिन्याभराने "वाचलेत का? कसे वाटले?" असा हिशेब मागणे, हीसुद्धा परतफेडच नव्हे का? पुस्तक दिले, पण त्यावरचा आपला हात आपण काढला नाही.

सात्त्विक दानासाठी मात्र तीन गोष्टी पाहाव्या लागतात. देश, काल आणि पात्र. हे पाहायला पैसा लागत नाही, माणसाकडे लक्ष द्यावे लागते.

मल्लेश्वरममधील एक ज्ञानयोगी

योगायोग असा की ज्या मल्लेश्वरममध्ये आम्ही त्या कपाटापुढे बसलो होतो, तिथेच या विषयावर आयुष्यभर चिंतन केलेल्या एका थोर पुरुषाचे कार्य झाले. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन (1892 ते 1972) हे मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि भारतातील ग्रंथालयशास्त्राचा पाया त्यांनी घातला. 1962 मध्ये त्यांनी बेंगळुरूत प्रलेखनाचे संशोधन आणि प्रशिक्षण देणारे केंद्र सुरू केले. आरंभीच्या काळात त्या केंद्राचा पत्ता मल्लेश्वरममधील अकरावा क्रॉस हा होता.

1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. आशय असा : ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी, जिवंत संस्था आहे.

यातील दुसरा आणि तिसरा नियम एकत्र वाचा. गीतेतील 'पात्र' या शब्दाचेच हे विवरण वाटते. ग्रंथाचेही पात्र असते. कुठेतरी एक माणूस असा असतो की ज्याच्यासाठी तो ग्रंथ थांबलेला आहे. त्याला शोधणे हे दात्याचे काम. त्याच 1931 साली तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीतून खेडोपाडी पुस्तके नेणारे फिरते वाचनालय सुरू झाले. जो वाचनालयापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्या दारापर्यंत ग्रंथानेच जावे, हा त्यामागचा भाव. पुढे रंगनाथन यांनी आपल्या बचतीतील एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले आणि त्या अध्यासनाला पत्नी शारदा यांचेही नाव जोडले. जे त्यांनी शिकवले, ते आधी आचरले.

देणाऱ्यांची परंपरा

आपण मराठी माणसे मल्लेश्वरमला परकी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे बंधू एकोजीराजे यांनी या मल्लेश्वराला गाव दान दिल्याची नोंद येथील 1669 च्या शिलालेखात आहे. पुढे एकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले. त्यांच्याच वंशातील सरफोजीराजे (दुसरे) यांनी तेथील सरस्वती महाल ग्रंथालय अपार निष्ठेने समृद्ध केले. काशीयात्रेला गेले तेव्हा त्यांनी तिकडूनही हस्तलिखिते मिळवून आणली. संस्कृत, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते तिथे आहेत. हा ठेवा राजघराण्याचा होता. 1918 मध्ये तो सार्वजनिक झाला, सर्वांना खुला झाला. आज कोणीही अभ्यासक तिथे जाऊन ते ज्ञान घेऊ शकतो. पूर्वजाने गाव दिले, वंशजांनी ग्रंथ दिले.

राजांचे सोडा, एका साध्या शिक्षकाचे उदाहरण घ्या. कन्नड कादंबरीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, गळगनाथ या नावाने लिहिणारे व्यंकटेश तिरको कुलकर्णी (1869 ते 1942). त्यांनी हरि नारायण आपटे यांच्या मराठी कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या. कन्नड माणूस पुस्तकाकडे येत नाही असे दिसल्यावर ते स्वतः पुस्तकांचे ओझे डोक्यावर घेऊन गावोगाव पायी फिरले. ते पुस्तके विकत होते हे खरे. पण डोक्यावर ओझे घेऊन उन्हातून चालणाऱ्या लेखकाने लोकांना जी वाचनाची गोडी दिली, तिची किंमत कोणत्या पुस्तकावर छापलेली होती?

कपाटाचे पुढे काय झाले

नातवाच्या प्रश्नानंतर आम्ही खोके उलटे केले. खरोखर निकामी झालेली पुस्तके प्रामाणिकपणे रद्दीत दिली. रद्दीला दान म्हणायचे नाही, एवढे ठरले. उरलेल्या एकेका ग्रंथावर हात ठेवून एकच प्रश्न विचारायचा : याचे पात्र कोण?

काम सावकाश झाले. दोन महिने लागले. प्रवासवर्णने गुडघ्यांच्या दुखण्यामुळे घराबाहेर न पडणाऱ्या एका काकूंकडे गेली. संतचरित्रे महाराष्ट्रातून नुकतेच इकडे कामाला आलेल्या एका तरुणाला दिली. रविवारी त्याची खोली त्याला खायला उठत असे. एकनाथी भागवत एका कन्नड भाषिक गृहस्थांनी मागून घेतले. देवनागरी त्यांना येत होती आणि पंढरीची वारी त्यांच्या घरात तीन पिढ्यांची होती. त्यांच्याकडे मराठी ग्रंथ जाईल असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. पात्र आपल्या कल्पनेपेक्षा मोठे असते, हे तेव्हा कळले.

शेवटी आजोबांची ज्ञानेश्वरी राहिली. समासात त्यांच्या बारीक अक्षरातील टिपणे, एका पानात वाळलेले बेलपान. सूनबाई ती हातात घेऊन बसल्या. "ही द्यायला जमणार नाही हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. आम्ही काय सांगणार? ठेवली तर पुन्हा कपाट. दिली तर मनाला क्लेश, आणि क्लेशाने दिलेले दान राजस.

वाट नातवानेच काढली. "आई, मला दे ना. पण तू वाचून दाखव."

त्या रात्रीपासून त्या घरात रोज पाच ओव्या वाचल्या जातात. आई वाचते, अर्थ लावते. अडले की आजोबांचे टिपण मदतीला येते. काही आठवड्यांनी मुलाने बोट ठेवून अक्षरे लावायला सुरुवात केली. ग्रंथ घराबाहेर गेला नाही, तरी त्याचे दान झाले. आम्ही वाटलेल्या सगळ्या पुस्तकांत हे दान मला सर्वांत मोठे वाटते. तिथे ग्रंथाबरोबर वाचणाराही मिळाला, वेळ मिळाला, मायेचा आवाज मिळाला. गोडी लागते ती अशीच. आपण सर्वांनी पहिली गोष्ट कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकली आहे.

आपला संकल्प

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत द्रव्यमय यज्ञापेक्षा ज्ञानयज्ञ श्रेष्ठ आहे असे सांगतात. हा यज्ञ आपल्या घरातून सुरू होऊ शकतो. या महिन्यात आपण एवढेच करूया.

कपाट उघडा आणि एक पुस्तक काढा. नकोसे झालेले काढू नका, ज्याने तुम्हाला कधीतरी सावरले ते काढा. डोळे मिटून शांत बसा आणि विचारा, आज हे कोणाला हवे आहे? जो चेहरा समोर येईल त्याच्याकडे स्वतः जा. शक्य असेल तर एक पान सोबत वाचा. पहिल्या पानावर आपले नाव घालू नका आणि नंतर हिशेब मागू नका. वाचून झाल्यावर त्याने ते पुढे दिले, तर आनंद माना. आणि घरात लहान मूल किंवा दृष्टी मंदावलेले वडीलधारे असतील, तर त्यांच्यासाठी रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा. तेही ग्रंथदानच आहे.

पुस्तक देताना हात जड होईल. होऊ द्या. नचिकेताच्या वडिलांना जे जमले नाही, त्याचाच तो अभ्यास आहे.

नंदितीर्थाकडे पुन्हा एकदा पाहूया. नंदीच्या मुखातून आलेले पाणी नंदी आपल्यापाशी ठेवत नाही. ते देवाच्या मस्तकावरून पुढे जाते, कुंडात उतरते आणि मागून नवी धार येतच राहते. आपल्या घरातील ज्ञानाची धारही अशीच मोकळी होवो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥