आपली मोटार आणि सर्वांची बस

शहराच्या वेशीबाहेर घर बांधून राहणाऱ्या आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील कुटुंबापुढें मोटार घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच. आमच्या घरीं तो दोन वर्षें चर्चेंत होता. एका बाजूस हप्ता, विमा आणि पेट्रोल; दुसऱ्या बाजूस वृद्ध आईचे गुडघे, आषाढांतला पाऊस आणि दिवेलागणीनंतर शिकवणीहून परतणारी मुलगी. अखेर मोटार दारीं आली. तिचा आम्हांस पश्चात्ताप होत नाहीं. परंतु त्या दोन वर्षांच्या वादांत घरांतील कोणालाहि जो मुद्दा सुचला नाहीं, तो अलीकडे आमचा पिच्छा सोडीत नाहीं. आम्हीं बस सोडल्यानें बसचें काय होतें, हा तो मुद्दा.

प्रथमदर्शनीं हा विचार हास्यास्पद वाटेल. एक उतारू गेला म्हणून बसचें काय अडतें? शहराच्या मध्यभागीं खरोखरच कांहीं अडत नाहीं. तेथें पांच-पांच मिनिटांनीं गाडी येते, आणि चार उतारू कमी झाले तर उरलेल्यांस बसावयास जागा होते, एवढाच काय तो फरक. वेशीबाहेरचें गणित निराळें आहे. तेथें तासाला दोन फेऱ्या असल्या, तर वेळापत्रक न पाहतां थांब्यावर येणाऱ्यास सरासरीनें १५ मिनिटें तिष्ठावें लागतें. उतारू घटले म्हणून त्यांतली एक फेरी गळाली, कीं त्या १५ मिनिटांचीं ३० होतात. मग ज्याला शक्य आहे तो आणखी एक मनुष्य मोटार किंवा स्कूटर घेतो, आणि उरलेली फेरीहि डळमळूं लागते. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७२ सालीं हीच गोष्ट उलट बाजूनें मांडली होती. उतारू वाढले तर फेऱ्या वाढवितां येतात आणि प्रत्येकाचें तिष्ठणें कमी होतें. म्हणजे बसमध्यें चढणारा नवा मनुष्य आपल्या नकळत इतरांचा वेळ वांचवीत असतो. गजबजलेल्या रस्त्यावर आलेली नवी मोटार मात्र इतरांचा वेळच खाते.

तथापि वेळेहून मोठें असें कांहीं आम्ही बसमधून उतरतांना बरोबर घेऊन गेलों. अल्बर्ट हर्शमन यांचें १९७० सालीं प्रसिद्ध झालेलें एक प्रसिद्ध पुस्तक नायजेरियाच्या रेल्वेपासून सुरू होतें. भुईमुगासारखा अवजड माल शेकडों मैल न्यावयाचा, तरी व्यापारी रेल्वे सोडून ट्रककडे वळत होते, आणि आश्चर्य असें कीं स्पर्धा आली म्हणून रेल्वे सुधारली नाहीं. कारण सेवा बिघडली असतां जे अधिक ओरडले असते, तेच प्रथम निघून गेले. आमच्या थांब्यावर हेंच घडलें. पूर्वीं बस चुकली कीं आम्ही अर्ज लिहीत असूं, अधिकाऱ्यांस भेटत असूं. अर्ज लिहिण्याची संवय असलेलीं घरें एकामागून एक मोटारवालीं झालीं, आणि थांब्यावर उरलीं तीं ज्यांच्या तक्रारीस कागद मिळत नाहीं अशीं माणसें.

आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या मावशी त्याच बसनें येतात. एके दिवशीं त्या उशिरां आल्या तेव्हां त्यांस, मान्य करावयास लाज वाटते, आम्हीं कपाळास आठी घालूनच कारण विचारलें. सकाळची ६ वाजून ४० मिनिटांची फेरी बंद होऊन महिना लोटला होता. महिनाभर त्या दीड किलोमीटर चालत फाट्यावर जाऊन दुसरी गाडी धरीत होत्या. ज्या फेरीनें आम्ही सहा वर्षें गेलों, ती नाहींशी झाल्याचें आम्हांस कळलेंहि नव्हतें.

सरकार कांहींच करीत नाहीं असें नव्हे. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, अशी पहिली एस. टी. धांवली, त्याच एस. टी. मध्यें १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. ती योग्यच आहे. परंतु सवलत तिकिटावर मिळते. जी फेरी सुटतच नाहीं तिचें तिकीट निम्मे काय आणि पूर्ण काय!

मग मोटार विकावी काय? असा कडक उपदेश करणारे आम्हांस भेटले आहेत, व त्यांतील कित्येकांचीं घरें रेल्वे स्टेशनापासून हांकेच्या अंतरावर असतात. आम्हांस या प्रसंगीं श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते. महादेवाचा गाभारा दुधानें भरण्यासाठीं राजानें घरोघरचें सगळें दूध आणविलें. मुलें व वासरें उपाशी राहिलीं आणि गाभारा कांहीं भरला नाहीं. एका म्हातारीनें आधीं घरांतल्या मुलांना, वासरांना तृप्त केलें, आणि उरलेलें खुलभर दूध नेऊन ओतलें; गाभारा भरला. कहाणीचा हा अर्धा भाग गृहस्थास सोयीचा वाटतो, आणि तो तेथेंच थांबतो. आईचे गुडघे हें वासराचें दूध होय. त्यावर राजाचाहि हक्क नाहीं. पण म्हातारी घरच्यांस तृप्त करून स्वस्थ बसली नाहीं. उरलेलें दूध घेऊन ती देवळापर्यंत गेली. कोरड्या हवेंत, हातांत ओझें नसतां, एकट्यानें शहरांत जाऊन ग्रंथालयांतलें पुस्तक बदलून आणण्यासाठीं आम्ही मोटार काढतों, तेव्हां कोणाचें पोट भरत असतें? केवळ ती दारांत उभी असते. हप्ता व विमा तर भरलेलेच असतात, म्हणून आम्ही फक्त पेट्रोल आणि तिकीट यांची तुलना करतों, आणि हा हिशेब आपल्यास हवा तसा सुटला कीं समाधान पावतों.

गेल्या महिन्यांत त्या ६.४० च्या फेरीसाठीं आम्हीं अर्ज लिहिला आणि सह्यांसाठीं आळींतून हिंडलों. मावशींनीं आपल्या वस्तींतून पहिल्या एकोणीस सह्या आणल्या होत्या, कांहीं अंगठ्यासुद्धां. मोटारवाल्या घरीं चहा मिळाला, सहानुभूतीहि मिळाली. एका वृद्ध गृहस्थांनीं मात्र लेखणी हातीं घेऊन विचारलें, "आपण स्वतः या बसनें जाणार आहांत ना?" आम्ही म्हणालों, "मंगळवारीं आणि शुक्रवारीं." त्यांनीं चष्मा सांवरून आमच्याकडे पाहिलें, ते दोन वार आमच्याकडून पुन्हां एकदां वदवून घेतले, आणि मग सही केली.