संसारांत नव्याला वाट

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १०, करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ७, वचनें १२ ते १६.



यापो शहरीं कातडीं कमावणाऱ्या शिमोनाच्या धाब्यावर पेत्र प्रार्थना करीत असतां त्याला भूक लागली, आणि आकाशांतून उतरणाऱ्या चादरींत त्याला सर्व प्रकारचे जीव दिसले, ही कथा आपल्या मंडळ्यांत लहान मुलांनाहि ठाऊक आहे. जें आजवर निषिद्ध मानलें तें खाण्याची आज्ञा झाली; पेत्रानें नकार दिला; आणि हें तीनदां घडलें. या कथेवर बोलणारे उपदेशक बहुधा येथून तडक कर्नेल्याच्या घरीं जाऊन पोहोंचतात. आम्हांला आज पेत्राच्या स्वतःच्या घरीं जावयाचें आहे.

पेत्र संसारी मनुष्य होता. त्याच्या सासूचा ताप प्रभूनें घालविला, आणि पुढें तो पत्नीला बरोबर घेऊन फिरत असे, हें पौलाच्या पत्रावरून कळतें. मग परजातीच्या माणसाच्या घरीं आपण राहिलों, त्यांच्या पंक्तीस बसलों, हें त्यानें तिला कसें सांगितलें असेल? यरुशलेमांतील भावांनीं त्याला जाब विचारला, तो शास्त्रांत लिहिला आहे. घरांतला जाब लिहिलेला नाहीं. आमच्या मतें घरांतला जाब अधिक अवघड. भावांपुढें तर्क चालतो. चुलीपुढें चालत नाहीं.

परंतु असा एक घरांतला जाब आपल्या मराठींत लिहिलेला आहे, आणि तो पत्नीनेंच लिहिला आहे. रत्नागिरींत टिळक म्हटलें कीं लोक लोकमान्यांचें नांव घेतात, आणि तें योग्यच आहे. पण याच जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले दुसरे एक टिळक, नारायण वामन, यांचीं पदें आपण उपासनेंत गातों. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ही नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. लग्न झालें तेव्हां ती अकरा वर्षांची होती. तिच्या माहेरीं वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं. अशा घरांत वाढलेल्या मुलीच्या पदरीं पडला तो पति कसा? आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं. हातीं पैसा टिकावयाचा नाहीं. राग आला कीं आला. १८९३ सालीं आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नीला ही गोष्ट मागाहून कळली.

येथें आम्ही स्पष्ट बोलतों. टिळकांविषयीं आमच्या मनांत मोठा आदर आहे, परंतु या एका गोष्टींत त्यांना कित्ता म्हणून कोणापुढें ठेवण्यास आम्ही तयार नाहीं. नव्या वाटेला लागणाऱ्यानें बरोबरच्या माणसाला निदान वाटेच्या तोंडाशीं तरी हांक मारावी. लक्ष्मीबाईंचा आकांत झाला. पति जिवंत असून दुरावला, लेंकरू पदरीं, आणि लोकांचीं तोंडें उघडीं. बहिणीच्या आधारानें त्यांनीं पंढरपुरांत दिवस काढले.

मग जें घडलें तें आपण नीट पाहावें. टिळकांनीं पत्रें लिहिणें सोडलें नाहीं आणि पत्नीला टाकलें नाहीं. पौलाची आज्ञा हीच आहे : सहधर्मिणीचा विश्वास निराळा असला तरी ती नांदण्यास राजी असेल तर पतीनें तिला अंतर देऊं नये, आणि पत्नीनेंहि पतीविषयीं तसेंच वागावें. पुढें लक्ष्मीबाई नगरास आल्या, तेव्हां आपलें सोंवळें बरोबर घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. टिळकांनीं तें मोडावयास हात उचलला नाहीं. ज्यानें एका धर्मासाठीं घरदार, जात, आप्त सोडले, त्यानें आपल्याच घरांत दुसऱ्याचें सोंवळें राखावें, हें लहान काम नव्हे. आणि लक्ष्मीबाईंनीं? त्या राहुरीस असतां एकांतांत विचार करूं लागल्या. पशुपक्ष्यांच्या जाती देवानें निरनिराळ्या केल्या हें डोळ्यांना दिसतें. माणसांच्या जाती कोठें दिसतात? हा भेद माणसांनींच केला, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि त्या दिवसापासून कोणाच्याहि हातचें खाण्यास त्या मोकळ्या झाल्या. हें पतीनें शिकविलें नव्हतें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

पतीच्या बाप्तिस्म्यापासून पांच वर्षें! आमच्या उपदेशक बंधूंना आम्ही विचारतों, इतका धीर आपणांपैकीं किती जणांना धरवेल? नवरा मंडळींत आला कीं पुढच्या सणापूर्वीं बायकोचें नांव वहींत चढलें पाहिजे, अशी घाई आम्ही पाहतों. वहींतला आंकडा वाढतो आणि घरांतली दोन माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं होतात. ती बाई डोकें लववून रविवारीं येते, पण तिचें मन पहिल्या उंबरठ्याबाहेरच उभें असतें.

आपल्या रत्नागिरींत भेटकलम कसें बांधतात हें आपणांस ठाऊक आहे. रायवळ कोयीचें रोप कुंडींत वाढवितात, पावसाळ्यांत तें हापुसाच्या फांदीजवळ मांचावर नेऊन ठेवितात, आणि मग दोघांचीहि साल, आंतल्या थोड्या लांकडासह, सारख्या लांबीची छिलून उघडे भाग एकमेकांस लावून बांधतात. एकाचीच साल काढली आणि दुसरें तसेंच ठेविलें तर सुतळी कितीहि आंवळा, जीव धरावयाचा नाहीं. बांधल्यावर दोन-तीन महिने वाट पाहावी लागते. पुढें तोडतांनाहि जाणता माळी एका घावांत तोडीत नाहीं. थोडथोडें कापीत जातो, म्हणजे रोपाला नव्या रसाची संवय होते. टिळकांच्या घरीं आधीं एकच घाव बसला होता. सांधा पुढें बसला तो दोघांनींहि आपआपली साल काढूं दिली म्हणून.

आणि हें केवळ धर्मांतराचें नाहीं. आमच्या खेड्यांतले पुरुष मुंबईस चाकरीला असतात. पूर्वीं आगबोटीनें जात, १९९८ पासून कोंकण रेल्वे पुरी झाल्यावर रात्रींत पोहोंचतात. पण घरीं येणें नाताळांत आणि मे महिन्यांतच. अकरा महिने भाताचें खाचर, गुरें, म्हातारीचें औषध, मुलांची शाळा, बँकेचें खातें सगळें बायकोनें पाहिलेलें असतें. तो येतो तो शहरच्या संवयी घेऊन, आणि घरांत पाऊल ठेवतांच सर्व कारभार आपल्या हातीं यावा अशी त्याची अपेक्षा असते. तिला वाटतें, हा पाहुणा. त्याला वाटतें, हिला शिंग फुटलें. वस्तुतः दोघेंहि मधल्या काळांत निराळीं माणसें झालेलीं असतात. अशा वेळीं नवऱ्यानें पहिले चार दिवस नुसतें विचारीत जावें : बांध कोणी घातला, खत केव्हां आणलें, पोराचें गणित कसें आहे? बायकोनेंहि त्याच्या खोलींतल्या, त्याच्या पाळीच्या, त्याच्या एकट्या जेवणाच्या गोष्टी ऐकाव्या. आम्ही ज्या घरीं हें होतांना पाहिलें, तेथें सुटी संपतांना डोळ्यांत पाणी होतें; ज्या घरीं झालें नाहीं, तेथें सुटी संपल्याचा सुस्कारा होता.

एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांला पुढें जातां येत नाहीं. ‘जुळवून घे, वाकून राहा’ हा उपदेश आपल्या समाजांत नेहमीं बायकोलाच होतो. मारणाऱ्या किंवा दारूंत घर बुडविणाऱ्या नवऱ्यापुढें वाकण्यास सांगणें हें आजच्या शास्त्रपाठांतून कोणीं काढूं नये. त्या घरांत साल एकाचीच सोलली जात आहे. तेथें पाळकानें व वडिलांनीं मध्यें पडावें, आणि जरूर तर त्या बहिणीला व लेंकरांना सुरक्षित जागीं पोहोंचवावें.

लक्ष्मीबाईंनीं वाकण्याबरोबर भांडणेंहि पुष्कळ केलीं. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३७ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. तीं वाचतांना हंसूं येतें तें याचमुळें. ही बाई कोणत्याहि शाळेंत गेली नाहीं. अक्षरें नवऱ्यानें घरीं शिकविलीं, तींहि रागावत रागावत. पण जें नवें दारीं आलें त्याला तिनें एकदां तरी आंत घेऊन पाहिलें. जिच्या माहेरीं बाहेरची वस्तु धुवून घेत, तिनें प्लेगच्या छावणींत रोग्यांची शुश्रूषा केली. पतीनें १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली तेव्हां पुन्हां एकदां पायांखालची जमीन हलली. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले, आणि पन्नाशीला आलेल्या या विधवेनें कीर्तनाला उभें राहण्याचें धाडस केलें, कराचीसारख्या दूरच्या शहरीं मुलाबरोबर संसार मांडला.

टिळकांनीं येशूचें चरित्र ओवीबद्ध करावयास घेतलें होतें. ‘ख्रिस्तायन’ हें त्याचें नांव. पहिले कांहीं अध्याय लिहून ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्यावर शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यानें पुरा केला. ग्रंथ १९३८ सालीं छापून निघाला. ज्या मंडळ्यांच्या कपाटांत तो असेल त्यांनीं तो स्त्रियांच्या सभेंत आठवड्याला एक अध्याय याप्रमाणें मोठ्यानें वाचावा. वाचणारी एक असली तरी पुरे; बाकीच्यांनीं भात निवडीत ऐकावें.