शाळा सर्वांची केव्हा होते?

वाचनपाठ : नहेम्या ८:१–१२

प्रियजनहो, यरुशलेमेत पाणीवेशीपुढील चौकात एज्रा शास्त्री ह्याने पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचिले. ऐकणाऱ्यांत पुरुष होते, तशाच स्त्रियाही होत्या. परंतु वाचन झाले एवढ्याने काम पुरे झाले नाही. लेवी लोकांस अर्थ सांगत गेले आणि लोकांस तो समजला. चौक सर्वांस खुला होताच. समजले तेव्हा तो सर्वांचा झाला.

हीच कसोटी आम्ही चिखलदऱ्याच्या शाळांस लावून पाहू. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन ह्याच्या दृष्टीस हे ठिकाण पडले. पुढे थंड हवेसाठी बंगले उठले, कॉफीचे मळे झाले. कोरकू लोक तर त्यापूर्वीपासून ह्या डोंगरांत नांदत होते. पण त्यांच्या लेकरांपर्यंत अक्षर पोहोचण्यास फार काळ लागला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. दूरच्या पाड्यांसाठी निवासी आश्रमशाळा निघाल्या. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. ह्याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानितो.

तथापि दार उघडले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. संथाळी व मुंडारी तिच्या बहिणी, मराठी तिच्या कुळाची नव्हे. घरी कोरकू बोलणारे लेकरू शाळेत मराठी ऐकते, गोंधळते व गप्प बसते. लोक त्यास मंद म्हणतात. ते मंद नव्हे. अर्थ सांगणारा लेवी त्यास भेटला नाही. शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे २००९ चा कायदाही सांगतो. शिवाय आईबाप मजुरीसाठी घाट उतरले, की लेकरूही पाटी ठेवून त्यांच्यामागे जाते.

मग आम्ही काय करावे? जो गुरुजी कोरकू शिकतो त्याचा मान राखावा. आमच्या गावी मजुरीस आलेल्यांचे मूल दिसल्यास त्यास हाती धरून शाळेत न्यावे; जन्माचा किंवा मागील शाळेचा दाखला नाही म्हणून त्यास परत धाडणे कायद्यास मान्य नाही. कोरकू ह्या नावाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे. त्यांच्या लेकरांस परके लेखणे आम्हांस शोभेल काय?

त्या दिवशी यरुशलेमेतील लोक आनंद करीत घरी गेले, कारण ऐकलेले त्यांस समजले होते. चिखलदऱ्याचे प्रत्येक लेकरू शाळेतून तसेच घरी जावो. आमेन.