गॅस पेटला नाही, तर कोण येणार?

कुडाळहून महामार्गाने सावंतवाडीकडे निघालं की झाराप लागतं. इथल्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने आणि डॉ. प्रसाद देवधर यांनी सिंधुदुर्गात बायोगॅसचं काम घरोघरी नेलं. अशा कामाबद्दल बोलताना आपण आधी संयंत्रं किती झाली ते विचारतो. त्या आकड्यापेक्षा एकेका संयंत्रामागे किती हात लागतात, याचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. शेण शेतकऱ्याचं, अनुदान सरकारचं, हाताशी पैसा नसेल तर कर्ज बँकेचं, घुमट गवंड्याच्या हातचा. हे सगळं जमून आलं, तरी भर पावसात एखाद्या सकाळी नळीत पाणी साचतं आणि शेगडी थंड राहते. घरातली बाई विचारते, ‘गॅस पेटणा नाय, आता कोण येतलो?’ संस्थांच्या भागीदारीची खरी परीक्षा या प्रश्नाशी होते, असं मला वाटतं. सामंजस्य करारावर सह्या होतात तेव्हा ती झालेली नसते.

गावोगाव दिसणारं घुमटाकार ‘दीनबंधू’ संयंत्रसुद्धा अशाच मेळातून पसरलं. ‘अफप्रो’ या स्वयंसेवी संस्थेने १९८४मध्ये त्याचा आराखडा तयार केला. एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक गोठ्यापर्यंत आपण पोचू शकणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणून ठिकठिकाणच्या संस्थांचं जाळं उभं राहिलं आणि त्यांच्यामार्फत बांधणीचं ज्ञान गवंड्यांपर्यंत गेलं. दिल्लीच्या संस्थेकडे तंत्र होतं, गावच्या संस्थेकडे ओळख होती. गावची माती, घरातली भांडणं, कोणाचं कर्ज थकलंय आणि कोणाची गाय आटलीय, ही माहिती कुठल्याही आराखड्यात बसत नाही. तरीही ती नसेल तर आराखडा कागदावरच राहतो. आपल्याकडे काय नाही, हे दोघांनाही ठाऊक असणं हाच त्या मेळाचा पाया होता. दोन संस्थांची ध्येयं जुळणं ही त्या मानाने सोपी गोष्ट आहे; ध्येयवाक्यं तर सगळ्यांचीच जुळतात.

सिंधुदुर्गाला एकट्याने काम उभं करणाऱ्यांचीही मोठी परंपरा आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला आणि भंगीकामापासून चर्मोद्योगापर्यंत ज्या ज्या कामाला समाज विटाळ मानत होता, ते हाती घेतलं. त्याआधी १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून त्यांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण केलं. दोन तुरुंगांतल्या दोन माणसांत कसला करार होता? दुसऱ्याचं काम तेच आपलं काम, एवढीच समजूत होती. माणसामाणसांत ती पुरते. संस्थांना मात्र पुरत नाही. कारण कार्यकर्ते बदलतात, विश्वस्त जातात आणि शेवटी दप्तरात लिहिलेलंच उरतं.

दुसऱ्या संस्थेचा पैसा घ्यावा का, हा प्रश्न विनोबांनी टोकाला नेला होता. १९५६च्या अखेरीस पलनी इथे सर्व सेवा संघाने तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती स्वीकारली. भूदान समित्या विसर्जित झाल्या, गांधी स्मारक निधीचा आधार सोडला गेला. त्या निर्णयातलं तेज मला आजही जाणवतं. पण त्यानंतर अनेक ठिकाणी कार्यकर्त्यांचा आधार तुटला आणि चळवळ ओसरत गेली, हेही खरं. निधीपासून मुक्त झाल्यावर माणसांना जोडून ठेवणारं दुसरं काही उभं करावं लागतं, आणि ते श्रद्धेपेक्षा कितीतरी अवघड आहे.

आज अडचण नेमकी उलटी आहे. कंपनी कायद्यानुसार २०१४पासून ठरावीक आकारापलीकडच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून गावोगाव काम उभं राहिलं, हे मान्य करायलाच हवं. पण या कायद्यातल्या ‘चालू प्रकल्पा’ची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची. नीट बांधलेलं संयंत्र त्याच्या कितीतरी पट टिकतं. चौथ्या पावसाळ्यात नळी साफ करायला जाणाऱ्या माणसाचं मानधन कोणी द्यायचं? त्यात २०२०मध्ये परकीय योगदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका नोंदणीकृत संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसरीला देणं बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैशाचा हिशेब चोख असावा, हा हेतू रास्तच आहे. पण मोठ्या शहरातली संस्था आणि तालुक्यातली लहान संस्था यांना जोडणारी एक वाट त्यामुळे बंद झाली. ज्यांना दिल्ली-मुंबईच्या भाषेत प्रस्ताव लिहिता येत नाहीत, त्यांना याची झळ अधिक लागली.

लहान संस्थेला हळूहळू ठेकेदार बनवणं, हा या साऱ्यातला सर्वांत मोठा धोका मला वाटतो. संयंत्र बांधा, फोटो पाठवा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, एवढ्यावर संबंध संपत असेल, तर त्याला भागीदारी म्हणू नये. जिने वीस वर्षं गावात राहून विश्वास कमावला, तिची ती कमाई अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात धरली जात नाही. वस्तूंना किंमत आहे, हजेरीला नाही.

म्हणून देणाऱ्या संस्थांना आणि कंपन्यांच्या संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या करारात दुरुस्तीसाठी आणि त्यासाठी घरोघर जाणाऱ्या माणसासाठी पाच वर्षांची तरतूद लिहा. कायद्याच्या मुदतीमुळे एका करारात ते बसत नसेल, तर दोन देणाऱ्यांनी मिळून वर्षं वाटून घ्या. आणि काम ठरवण्याच्या बैठकीला झारापसारख्या गावातल्या कार्यकर्त्याला पहिल्या दिवसापासून बोलवा, आराखडा पक्का झाल्यावर नव्हे.