साक्षीची कसोटी

परीक्षेचे दिवस जवळ आले की संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोन-चार मुले वह्यापुस्तके घेऊन येऊन बसतात. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी शिकवण्याची सवय काही सुटत नाही. अशाच एका संध्याकाळी केंद्रीय मंडळाच्या शाळेत दहावीत शिकणारी शेजारची मुलगी इतिहासाची सराव प्रश्नपत्रिका घेऊन आली. तीत एक उतारा दिलेला होता. गोव्यातील पोर्तुगीज अमलात अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थेच्या हवाली करून त्यांचा बाप्तिस्मा करावा, अशा आशयाचा तो मजकूर होता. खाली प्रश्न होता : ‘हे साधन कितपत विश्वसनीय आहे, ते सकारण लिहा.’

मुलीने मान वर करून विचारले, “सर, हा उतारा आपल्या विरुद्ध आहे. तो खोटा आहे असे लिहिले तर चालेल ना?”

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “लेखक आपल्या समाजाचा नाही, म्हणून तो पक्षपाती आहे, असे लिही.”

तिने तसे लिहिले आणि ती घरी गेली. प्रश्नपत्रिका मात्र ओट्यावरच राहिली. दिवा मालवण्यापूर्वी आम्ही ती सहज हाती घेतली, तेव्हा उताऱ्याखालची बारीक अक्षरांतली ओळ आमच्या दृष्टीस पडली. तो मजकूर कोणा परक्या टीकाकाराचा नव्हताच. पोर्तुगालच्या राजाच्या नावे १५५९ साली निघालेल्या आज्ञेचा तो अनुवाद होता. ज्याला आम्ही परका म्हणून बाद केले, तो साक्षीदार ख्रिस्ती राजाच्या दरबारातलाच होता! आम्ही साक्ष ऐकण्याआधीच निकाल देऊन मोकळे झालो होतो, आणि तो निकाल एका कोवळ्या मुलीच्या हातून लिहवून घेतला होता. त्या रात्री आम्हांला लवकर झोप लागली नाही.

साधनावर आधारित प्रश्न हा वरवर पाहता गुण मिळवण्याचा एक प्रकार आहे. उतारा, चित्र किंवा नकाशा द्यायचा आणि त्यावरून उत्तर लिहायला सांगायचे. परंतु त्यामागे चार साधे प्रश्न उभे असतात. हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? कोणाला उद्देशून आणि कशासाठी सांगितले? आणि दुसरा कोणी याला दुजोरा देतो काय? पाठांतरावर वाढलेल्या आपल्या मुलांना हे प्रश्न अवघड वाटतात, याचे नवल नाही. नवल याचे, की आपण मोठी माणसेही ते स्वतःला क्वचितच विचारतो.

पुष्कळ विद्यार्थी एक सोपी पळवाट शोधतात. साधन इंग्रजाचे असेल तर ते खोटे, आपल्या माणसाचे असेल तर खरे! असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी साधन वाचत नाही, केवळ साधनाच्या लेखकाची जात पाहतो. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार केला. पुढे सरकारने नेमलेल्या हंटर समितीपुढे त्याची साक्ष झाली. डायर हा पक्षपाती साक्षीदार होता, हे सांगायला इतिहासकार कशाला हवा? पण कदाचित गोळीबार न करताही आपण जमाव पांगवू शकलो असतो, तथापि ते लोक परत येऊन आपल्याला हसले असते, असे त्याने स्वतःच कबूल केले. त्याच्या हेतूचा याहून भक्कम पुरावा दुसरा कोणता? मृतांच्या संख्येसाठी मात्र एकट्या सरकारी कागदावर विसंबून चालत नाही. सरकारने ३७९ हा आकडा मान्य केला, तर काँग्रेसच्या चौकशी समितीने त्याहून पुष्कळ मोठी संख्या मांडली. म्हणजे पक्षपाती साधनही निरुपयोगी नसते. ते कशाविषयी साक्ष देऊ शकते आणि कशाविषयी नाही, हे ओळखणे हीच खरी परीक्षा.

ही शिकवण आपल्याला नवी वाटण्याचे कारण नाही. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नेची कथा आपण उपवासकाळात मिस्सेत ऐकतो. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. त्यांचे वय आणि मान पाहून लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात आणि तिला मृत्युदंड फर्मावतात. तरुण दानिएल त्या दोघांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तू त्यांना कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एक एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. एका निरपराध स्त्रीचे प्राण वाचतात. ते वाचतात एका नेमक्या प्रश्नामुळे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. परंतु खोटी साक्ष न तपासता मान्य करणारा जमाव त्या पापात भागीदार नव्हता काय? आणि गैरसोयीची म्हणून खरी साक्ष नाकारणारा?

साधनाची चिकित्सा म्हणजे श्रद्धेचा द्रोह, अशी भीती काहींना वाटते. त्यांनी लोरेन्झो वाल्ला या विद्वानाची हकिकत ध्यानात घ्यावी. सम्राट कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकात पश्चिमेकडील सत्ता पोपना दान केल्याचा एक दस्तऐवज शतकानुशतके प्रमाण मानला जात होता. त्यातील लॅटिन भाषा कॉन्स्टंटाईनच्या काळाची असूच शकत नाही, हे वाल्लाने १४४० साली सप्रमाण दाखवून दिले. दस्तऐवज बनावट ठरला. पुढे याच वाल्लाला पाचवे पोप निकोलस यांनी आपल्या सेवेत घेतले. बनावट कागद गेला म्हणून ख्रिस्तसभा कोसळली नाही. तेरावे पोप लिओ यांनी तर १८८१ साली व्हॅटिकनचे गुप्त दप्तर अभ्यासकांना खुले केले, आणि २००० साली दुसरे पोप जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकाळातील अपराधांबद्दल जाहीरपणे क्षमायाचना केली. सत्याने ज्याचे नुकसान होते ते मुळात देवाचे नसते, असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला बोलावून घेतले आणि आमची चूक तिच्यापुढे कबूल केली. शिक्षकाने विद्यार्थ्यासमोर चुकीची कबुली देणे सोपे नसते, पण ती न देणे अधिक महाग पडते. मग तिने विचारले, “तर मग काय लिहू, सर? आपले पूर्वज वाईट होते असे लिहू?”

हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत नव्हता, पण खरा प्रश्न तोच होता. आम्ही तिला म्हणालो, “बाळ, कागद जेवढे सांगतो तेवढेच त्याच्या तोंडी घाल. राज्यकर्त्यांनी काय फर्मावले, याविषयी ही आज्ञा उत्तम पुरावा आहे, कारण ती त्यांचीच आहे. ती प्रत्यक्षात कितपत अमलात आली, हे ती एकटी सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरी साधने पाहावी लागतील. अमुक एका घराण्याने बाप्तिस्मा श्रद्धेने घेतला, गरजेपोटी घेतला की भीतीने, हे तर ती मुळीच सांगत नाही. आणि ‘आपले’ कोणाला म्हणतेस? आज्ञा काढणारे लिस्बनला होते. आपले पूर्वज याच मातीतले. ज्या मुलांविषयी ही आज्ञा आहे, ती आपल्याला त्या राजापेक्षा जवळची नव्हेत काय?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने आधीचे उत्तर खोडले आणि नवे लिहिले. त्याला किती गुण पडतील हे आम्ही सांगितले नाही, तिनेही विचारले नाही.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुले असे प्रश्न घेऊन आली, तर घाईने उत्तर देऊ नका. उताऱ्याखालची बारीक ओळ आधी त्यांच्यासोबत वाचा. गावकीत, धर्मग्रामाच्या सभेत, शेजाऱ्याच्या भांडणात आणि मतदानाच्या दिवशी या मुलांना पुढे रोज कोणाची ना कोणाची साक्ष तोलायची आहे. तिथे उतारा छापलेला नसेल आणि गुणही मिळणार नाहीत. कुणा सुसान्नेचा न्याय मात्र त्यांच्या हाती असेल.