घर शाकारणारा देव



मृगाच्या आसपास आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दोन गोष्टी निघतात. शेगावाहून श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरीला निघते, आणि पाऊस लागण्याआधीचे वादळ सुटते. एकीकडे टाळमृदंग, तर दुसरीकडे टिनांचा खडखडाट. २०२४ च्या जूनमध्ये चिखली तालुक्यात अशाच वादळाने एका घराचे टिन लोखंडी अँगलसकट उडवले. त्या अँगलला पाळणा बांधलेला होता. पाळण्यातले तान्हे लेकरू गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या जुलैमध्ये, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने घरांत पाणी शिरले, शेते खरडून गेली.

आता पेच असा पडतो. पडशी भरलेली आहे, दिंडी उद्या निघायची आहे, आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नाही. वारी साधावी की शेजाऱ्याचे घर? पुष्कळ वारकरी आम्हांला हे विचारतात. प्रश्न खरा आहे, कारण वारी चुकू नये हा आपला नेम आहे.

याचे उत्तर आपल्या संतांच्या घरातच आहे. नामदेवरायांची झोपडी वाऱ्यापावसाने मोडली आणि पांडुरंगाने स्वतः येऊन ती शाकारली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवरायांची पदे आहेत. त्यांत सोरठ रागातील एका पदात ही शेजारीण येते. ती विचारते, नामया, तुझे छप्पर कोणी घातले? मी दुप्पट मजुरी देईन, मला तो सुतार दाखव. नामदेवराय सांगतात की तो सुतार मजुरी म्हणून प्रेम मागतो, आणि जो आपल्या गणगोताची ओढ तोडतो त्याच्याकडे तो आपण होऊन येतो.

बघा हो, देवाला मजुरीचा कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा? आणि गणगोताची ओढ तोडायची म्हणजे काय? घर मोडलेला माणूस आपल्या भावकीतला नाही, त्याच्याशी बांधाचा तंटा आहे, तो दुसऱ्या आळीचा आहे, ही मोजणी सोडायची. आम्ही कीर्तनातून समतेचे निरूपण करतो. पण पडलेली भिंत कोणाची हे विचारून मग घमेले उचलले, तर ते निरूपण वाया गेले.

राहिला वारीचा नेम. पुंडलिकाने काय केले ते आठवा. देव दारात आला तरी आईबापांची सेवा अर्धी टाकली नाही; वीट फेकली आणि देवाला उभे केले. देव रागावला नाही, अजून उभाच आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आधी छप्पर घाला, मग निघा. दिंडी पुढच्या मुक्कामावर गाठता येते. उघड्यावर भिजणाऱ्या लेकराला पुढचा मुक्काम नसतो.

काम मात्र शहाणपणाने करावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड छत झोपलेल्यांवरच कोसळले. मदतीला ठिकठिकाणचे लोक धावले, आणि ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण काही नव्या वसाहतींत घरे लांबलांब पडली, गुरांना जागा उरली नाही, शेजार तुटला. जिथे जुन्या जागीच दुरुस्ती झाली, तिथे बायामाणसांनी देखरेख केली, घरमालकाने आपले घर आपण उभारले. यातून शिकायचे ते हे, की आधी घरधन्याला आणि घरधनिणीला विचारा, मग कामाला हात घाला.

आपल्याकडे टिनावर दगड ठेवतात. त्याने भागत नाही. वारा पत्र्याखालून शिरून पत्रा उचलतो आणि तोच दगड कोणाच्या तरी डोक्यात पडतो. आकड्याचे बोल्ट वॉशर घालून आवळा, अँगल भिंतीत पक्के धरवा, आणि पाळणा छताच्या अँगलला बांधू नका.

माणसे कुठून आणायची, असे कोणी विचारील. अहो, शेगावच्या संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येतात, झाडलोट करतात, पंगती वाढतात, एक पैसा मजुरी घेत नाहीत. तेच हात गावात आहेत. दिंडीत विणेकरी, चोपदार, पाणी वाहणारे अशी वाटणी असते, तशीच इथे करा: कोणी वासे आणील, कोणी चिखल तुडवील, कोणी पोरे सांभाळील, कोणी भाकरी थापील. एकादशीला जमता, तसे वादळाच्या दुसऱ्या दिवशी देवळात जमा.

गेलेले लेकरू आपल्या हातून परत येत नाही. त्याच्या आईसमोर उपदेश करू नका. मुकाट्याने तिच्या घरावर टिन चढवा, आणि नामस्मरण काम करता करता ओठांत राहू द्या. त्या छपराखाली तिला पुन्हा नीज आली, की समजा, देवाला मजुरी पोचली.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!