दुबळे शस्त्र आणि न्याय

बंदूक टाकून धनुष्यबाणाने हरिण मारणे अधिक न्याय्य, असे मानणारे हौशी शिकारी अमेरिकेसारख्या देशांत आजही आहेत. आम्हांस हे पटत नाही. शस्त्र दुबळे झाल्याने मरण सौम्य होत नाही. घाव ओझरता लागला तर ते लांबते मात्र. आपल्याकडील फासेपारधी फाशाने हरणे धरीत, ते पोटासाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो फास निषिद्ध ठरला. लोणी भापकरच्याच बारामती तालुक्यात, सुप्याजवळ, मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाऱ्यास अभय मिळाले. बंदूक खाली ठेवणारा बळास मर्यादा हवी हे मान्य करतोच. मग ती मर्यादा धनुष्यापाशीच का थांबावी? आणि ज्या भुकेल्याचा फास समाजाने काढून घेतला, त्याच्या भाकरीचे ऋण समाजानेच फेडावयास नको काय?